काकूचा अकरा, मशीनचा नव्व्याण्णव

माझ्या काकूच्या दुधाचे नऊ दिवसांचे पैसे तिच्या खात्यात आलेच नाहीत. कुणी चोरले नव्हते. डेअरीचा सभासद क्रमांक तिच्या पासबुकावर मराठीत लिहिलेला आहे: ११. काकू चौथीपर्यंत गावच्या मराठी शाळेत शिकली, तिला आकडे येतात ते मराठी. डेअरीतल्या मशीनवर नवा पोरगा बसला होता. त्याने कुठलं बटण दाबलं देव जाणे, पडद्यावर इंग्रजी नव्व्याण्णव उमटत होता. ज्यांचं खातं नाही, जे रोख पैसे घेऊन जातात, त्यांच्यासाठी ठेवलेला तो नंबर. आता इंग्रजी नऊ आणि आपला १ कागदावर शेजारी शेजारी काढून बघा. वरती गोल, खाली शेपटी. काकू रोज पडद्याकडे नीट बघत होती आणि रोज तिला दिसत होतं, "माझा अकरा आलाय की." समाधानाने रिकामी किटली घेऊन घरी.

पैसे पुढे मिळाले. सेक्रेटरींनी वही तपासली, चूक कबूल केली, हिशेब चुकता केला. पण ही गोष्ट आपल्या पोरांना सांगितली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सेक्रेटरी कन्नड का?" नाही. सेक्रेटरी आपलाच. काळ्या दिनाच्या फेरीत दरवर्षी माझ्या पुढे चालतो. मशीन बनवणाऱ्यालाही मराठीचं वावडं असण्याचं कारण नव्हतं, त्याच्या डोक्यात मराठी आलीच नसणार. आपल्याला शत्रू सापडला की बरं वाटतं, घोषणा देता येते. इथे शत्रू नाही. ज्या टेबलावर त्या मशीनचा प्रोग्राम लिहिला गेला, त्या टेबलाभोवती आपल्यातलं कुणी नव्हतं, एवढंच.

याच गैरहजेरीबद्दल मला भांडायचं आहे, आणि ते आपल्याशीच.

१९५६ पासून आपण काय मागत आलो ते मी इथे परत सांगायला नको. १७ जानेवारीला हुतात्म्यांना अभिवादन करायला मीही जातो, १९८६ च्या गोष्टी घरात ऐकतच मोठा झालो. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के असतील तिथे सरकारी परिपत्रकं त्यांच्या भाषेत द्या, हे मागणं बरोबर आहे आणि ते सोडायचं नाही. घटनेतलं ३५० अ कलम प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करा म्हणतं, त्यासाठीही भांडायचंच. पण डेअरीच्या मशीनला परिपत्रक लागू होत नाही. कंडक्टरच्या हातातलं तिकिटाचं मशीन, रेशन दुकानातलं अंगठ्याचं मशीन, शेतातल्या मोटरीचा टायमर, काट्यावरचा डिस्प्ले. आपल्या माणसांचा पैसा, पाणी आणि धान्य दिवसभर या चिमुकल्या पडद्यांतून जातं. त्यावर कुठली लिपी येणार हे विधानसभेत ठरत नाही, कोर्टात तर नाहीच. ते ठरवतो चिपचा प्रोग्राम लिहिणारा माणूस, तेही बहुतेक वेळा विचार न करता, आयतं मिळालं ते वापरून.

मग तो माणूस आपण का नाही?

याला आपल्याकडे तयार उत्तर असतं: "आपली पोरं मराठी मीडियमची. टेक्निकल सगळं इंग्लिशमध्ये. जमत नाही." हे उत्तर कन्नडवाल्यांनी दिलेलं नाही, आपल्याच घरात तयार झालंय. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी एका सरांनी आम्हा मराठी माध्यमवाल्यांना वर्गात हात वर करायला लावले आणि म्हणाले, "तुम्ही पाठ करा, समजून घ्यायच्या भानगडीत पडू नका." सर मराठीच होते. मी दोन वर्षं त्यांचं ऐकलं. पासही झालो, हे विशेष.

तिसऱ्या वर्षी प्रोजेक्ट करायची वेळ आली, आणि पाठ केलेल्या उत्तरांनी दिवा लागत नाही हे कळलं. एका सिनियरकडून मुहम्मद अली माझिदी आणि सहलेखकांचं ८०५१ मायक्रोकंट्रोलरवरचं पुस्तक निम्म्या किमतीत घेतलं. कित्येक कॉलेजांत चालतं ते जाडजूड पुस्तक. ८०५१ ही इंटेलने १९८० साली आणलेली चिप. चाळीस पाय, चार पोर्ट, प्रोग्रामसाठी ४ किलोबाइट जागा आणि चालू कामासाठी फक्त १२८ बाइट रॅम. आजच्या फोनपुढे मुंगी. पण शिकायला अशीच मुंगी पाहिजे, कारण तिचा प्रत्येक पाय मोजता येतो.

पहिला एलईडी मी पोर्ट झिरोला जोडला. प्रोग्राम बरोबर, डाग नीट दिलेला, पाच व्होल्ट येतायत, आणि एलईडी ढिम्म. तीन दिवस. दोन चिपा "जळाल्या" म्हणून बाजूला ठेवल्या, त्या दोन्ही आजही चालू आहेत. चौथ्या दिवशी मुकाट्याने पुस्तक उघडलं, तर मी गाळलेल्या परिच्छेदात स्पष्ट लिहिलं होतं की पोर्ट झिरो 'ओपन ड्रेन' आहे, त्याला बाहेरून दहा किलोओहमचे पुल-अप रेझिस्टर लावा. हा परिच्छेद मी आधी वाचला नव्हता असं नाही. डिक्शनरी घेऊन वाचला होता. ओपन म्हणजे उघडं, ड्रेन म्हणजे गटार. उघडं गटार! आमच्या गल्लीतलं डोळ्यांसमोर आलं, यात आपल्या कामाचं काही नाही म्हणून पान उलटलं.

आता मी तीच गोष्ट नव्या पोरांना अशी सांगतो. दुकानाचं स्प्रिंगचं दार आहे. पिनला ते दार फक्त ओढून बंद करता येतं, ढकलून उघडता येत नाही. उघडं ठेवायचं काम स्प्रिंगचं. ती स्प्रिंग म्हणजे पुल-अप रेझिस्टर. स्प्रिंग लावलीच नाही तर दार ना उघडं ना बंद, मधेच लोंबकळत राहतं. बाकीच्या तीन पोर्टांना कंपनीने स्प्रिंग आतूनच दिलेली असते, पोर्ट झिरोला नाही. झालं. दोन मिनिटांची गोष्ट. यात कुठला शब्द मराठीला जड गेला? त्या रात्री रेझिस्टर लावला, एलईडी लागला, मिणमिणता का होईना. आई म्हणाली, "काय करालायस रे एवढ्या रात्री?" म्हटलं, गटार काढालोय.

त्या रात्रीपासून पुस्तक वाचायची पद्धत बदलली, आणि एक गोष्ट लक्षात आली जी कुणी सांगितली नव्हती. असल्या पुस्तकाचं इंग्रजी पेपरच्या अग्रलेखापेक्षा कितीतरी सोपं असतं. वाक्यं छोटी, तेच तेच शब्द परत परत. शेदोनशे शब्द पक्के झाले की अख्खं पुस्तक हलायला लागतं. अवघड असते ती त्या शब्दांमागची कल्पना, आणि ती इंग्लिश मीडियमच्या पोरालाही तेवढीच अवघड असते. फरक एवढाच की त्याला वाटतं "मला कळलं नाही", आणि आपल्याला वाटतं "माझ्या भाषेमुळे कळलं नाही". शेजारी बसलेल्या कॉन्व्हेंटच्या मित्राला विचारलं, ओपन ड्रेन म्हणजे काय? त्याने अस्खलित इंग्रजीत मला पुस्तकातलं वाक्य म्हणून दाखवलं. त्याचाही एलईडी लागला नव्हता.

एक वही केली. डाव्या पानावर पुस्तकातली ओळ, उजव्या पानावर आमच्या भाषेत तिचा अर्थ. बटण एकदा दाबलं तरी चिप चार वेळा मोजते, कारण आतले पत्रे थरथरतात, म्हणून वीस मिलिसेकंद थांबून परत बघायचं. इंटरप्ट म्हणजे भाकरी थापताना दारावर कुणी आलं तर तव्यावरची भाकरी कुठल्या अवस्थेत होती ते लक्षात ठेवून जायचं, आणि परत येऊन तिथूनच पुढे. ते लक्षात ठेवायची जागा म्हणजे स्टॅक. वर्षभरात वही भरली. मला ती कुणी शिकवली नाही हे खरं, पण फुशारकीने सांगत नाही, रागाने सांगतोय. ही वही माझ्या आधी कुणीतरी लिहायला हवी होती. सीमाभागातून मराठी माध्यमात शिकून इंजिनिअर झालेल्यांच्या किती पिढ्या गेल्या! पुण्यात, बेंगळुरूत, परदेशात बसलेत. नोव्हेंबरमध्ये प्रोफाइलचा फोटो काळा करतात. उजवं पान मात्र कुणी लिहून ठेवलं नाही.

आता त्या लिपीची गोष्ट, ज्यासाठी हे सगळं लिहायला बसलो.

काकूचा प्रकार झाल्यावर मी ठरवलं, डिस्प्ले मराठीत करून बघायचा. काटे, मीटर, दुधाची मशीनं यांत जो हिरवा किंवा निळा दोन ओळींचा, सोळा अक्षरांचा पडदा असतो तो घेतला. मोठ्या हौसेने कोडमध्ये थेट 'द' टाइप केला. पडद्यावर तीन चिन्हं उमटली: ग्रीक अल्फा, एक बारीक टिंबासारखं काहीतरी आणि एक अनोळखी अक्षर. काँप्युटरमध्ये आपलं एक अक्षर यूटीएफ-८ पद्धतीने तीन बाइटांत साठतं, आणि पडद्याने ते तीन बाइट तीन वेगळी अक्षरं समजून छापले, हे नंतर कळलं. पण ते अनोळखी अक्षर कुठलं? डेटाशीटच्या मागचा तक्ता काढला. या पडद्यांमागचा मूळ कंट्रोलर हिताचीचा, एचडी ४४७८०. त्याच्या नेहमीच्या आवृत्तीच्या तक्त्यात इंग्रजी अक्षरांशेजारी रांगेने जपानी काताकाना अक्षरं बसलेली आहेत.

मी त्या तक्त्याकडे बराच वेळ बघत बसलो. ज्यांनी चिप बनवली त्यांनी आपली लिपी तिच्या आत कोरून टाकली. कुणाकडे मागितली नाही. आणि मग तीच चिप जगभर गेली. आमच्या डेअरीतल्या पडद्यातही तोच तक्ता असेल, तर काकूला न दिसणारी जपानी अक्षरं तिथे कित्येक वर्षं गुपचूप बसून आहेत. आपण मात्र बाहेरच्या पाटीवर काळा रंग फासायचा की पांढरा, यावर रात्र रात्र चर्चा करतोय.

त्या कंट्रोलरमध्ये स्वतःची अक्षरं काढायला जागा आहे, पण फक्त आठ, आणि प्रत्येकी पाच गुणिले आठ ठिपक्यांची. त्यात 'दूध' बसवून बघा. ऊकार कुठे घालायचा? वर दोन चौकटींमध्ये फट असते, म्हणजे शिरोरेषा तुटते. मी काढलेला 'दूध' बघून बहीण म्हणाली, "हे काय, पडलेले दात?" तेव्हा तो नाद सोडला आणि ग्राफिक पडदा घेतला, १२८ गुणिले ६४ ठिपक्यांचा. त्यावर अक्षर नसतंच, सगळं चित्र. शिरोरेषा हवी तेवढी लांब ओढा.

हिशेब सांगतो, कारण हा हिशेबच माझा मुद्दा आहे. सभासद, लिटर, फॅट, दर, रुपये. एक शब्द ४८ गुणिले १६ ठिपक्यांत बसतो, म्हणजे ९६ बाइट. पाच शब्द, ४८०. लांबून दिसावेत असे मोठे मराठी आकडे ० ते ९, प्रत्येकी ६४ बाइट, म्हणजे ६४०. एकूण ११२०. आणि डेअरीच्या रांगेत काकूच्या पुढे जी कन्नड अक्का उभी असते, तिलाही तो इंग्रजी पडदा वाचता येत नाही. तिच्यासाठी कन्नड शब्द आणि कन्नड आकडे, आणखी ११२०. दोन्ही मिळून २२४०. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या मुंगीएवढ्या चिपमध्ये ४०९६ बाइट आहेत. दोन्ही भाषा आत राहतात आणि प्रोग्रामला जागा उरते.

कुणाला हा कन्नडचा उल्लेख खटकला असेल तर खटकू दे. कन्नड गणक परिषदेने आपल्या भाषेसाठी 'नुडी' बनवलं आणि ते सरकारी कचेऱ्यांत चालू करून दाखवलं. त्यांच्या सक्तीला माझा विरोध आहे, त्यांच्या कष्टाला नाही. अक्काशी तर माझं भांडण नाहीच.

महाराष्ट्राबद्दलही बोलून घेतो. एआयसीटीईने २०२१ साली इंजिनिअरिंग मराठीसह इतर भारतीय भाषांतून शिकवायला परवानगी दिली, पहिल्या वर्षाच्या विषयांची मराठी पुस्तकं मोफत ठेवली. चांगलं झालं, उतरवून घ्या, वाचा. पण आपला डिप्लोमा कर्नाटकाचा, त्यामुळे ती पुस्तकं आपल्या वर्गात आपोआप येणार नाहीत. आणि तिकडून जी मराठी येते ती कधी कधी कोशातून उचललेली. 'सूक्ष्मनियंत्रक' म्हटल्यावर उद्यमबागेतल्या वर्कशॉपात एक माणूस वर बघणार नाही. मायक्रोकंट्रोलर म्हणा, रजिस्टर म्हणा, पिन म्हणा, त्याने मराठी बुडत नाही. शब्द उसने घ्या. समजावणं उसनं घेऊ नका. शुद्धतेवरून वाद घालणारे काका माझ्या पोस्टखाली येतीलच, त्यांना एवढंच विचारा की शेवटचं तांत्रिक पान मराठीत कधी लिहिलंत.

"ॲप बनव की, चिपा कशाला?" हा दुसरा सल्ला. काकूच्या एका हातात किटली असते, दुसऱ्या हातात पासबुक. फोन घरी, पोराकडे.

माझा पडदा आता कुठवर आला आहे ते सांगतो. डेअरीचं मशीन मी उघडत नाही, उघडायचंही नाही, ते मापाचं यंत्र आहे. त्याच्या मागून पावतीच्या प्रिंटरला जी वायर जाते, तिच्यावरून जाणारे आकडे फक्त ऐकायचे आणि मोठ्या अक्षरांत दाखवायचे. तिथेही एक महिना गेला. ९६०० च्या वेगाने येणारा मजकूर मला कचरा दिसत होता. पुस्तक सांगत होतं क्रिस्टल ११.०५९२ मेगाहर्ट्झचा लावा. दुकानदाराने १२ चा दिला होता, "सारखंच असतंय." सारखं नसतंय. ११.०५९२ ला बाराने भागा, मग बत्तीसने, २८,८०० येतात, त्याचा तिसरा हिस्सा बरोबर ९६००. बाराच्या क्रिस्टलने तोच हिशेब केला की १०,४१६ येतात. साडेआठ टक्क्यांची चूक, आणि दोन मशीनं एकमेकांशी बोलताना एवढी चूक खपत नाही. म्हणूनच तो विचित्र आकडा पुस्तकभर दिसतो. मी तोवर त्याला छपाईची चूक समजत होतो.

आता आकडे बरोबर येतात. घरच्या टेबलावर काकूला बसवून दाखवलं. ११ दिसला, मग मुद्दाम नव्व्याण्णव पाठवला. पडद्यावर ९९ उमटला तशी ती म्हणाली, "हा माझा नव्हे."

डेअरीच्या कमिटीपुढे अर्ज दिला आहे. दोघं तयार आहेत, तिघं म्हणतात "आजवर चाललंय की". एकाला भीती वाटते की कन्नड अक्षरं आधी आली तर आपली माणसं ओरडतील आणि मराठी आधी आली तर दुसरी. मी बटण ठेवलंय, ज्याने दाबलं त्याची भाषा. पुढची बैठक महिनाअखेरीस आहे. ज्यांच्या घरचं दूध तिथे जातं त्यांनी त्या दिवशी यायचं, नुसतं लाइक करून थांबायचं नाही.

आणि ज्यांना चिपचं शिकायचंय त्यांनी रविवारी दुपारी या, पत्ता मेसेज करून विचारा. पुस्तक एकच आहे, मागची काही पानं सुटलीत, पण तक्ता शाबूत आहे. वहीची झेरॉक्स काढून ठेवली आहे. येताना सोल्डरिंग गन असेल तर आणा, माझी एकच आहे आणि तिचं टोक झिजलंय. क्रिस्टल घेणार असाल तर दुकानदाराचं ऐकू नका.